एकाच सर्व्हरवर तीन पीएचपी साइट: समाईक फाइली ठेवायच्या कुठे, आणि क्रॉनला त्या सापडत का नाहीत

प्रश्न थोडक्यात असा. डेबियन १२ (लिनक्स) चा एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, आहे, २ जीबी रॅमचा. त्यावर एका शिक्षणसंस्थेच्या तीन साइट: मुख्य साइट, प्रवेशअर्जाची साइट आणि कार्यालयापुरती आतली साइट. डेटाबेस जोडणारी फाइल, वरची पट्टी, तारीख-रक्कम छापणारी फंक्शनं आधी तिन्हीकडे कॉपी-पेस्ट होती. आता ती मुख्य साइटच्याच फोल्डरात ‘कॉमन’ नावाखाली .आयएनसी फाइली करून ठेवली आहेत आणि बाकीच्या दोन साइट तिथूनच उचलतात. ब्राउझरमधून सगळं चालतं, रात्रीचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, मात्र ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम’ (फाइल उघडता आली नाही) म्हणून पडतो. सर्व्हर नीट कसा लावायचा आणि या फाइलींची घडी कशी बसवायची?

(कमांड, पाथ आणि एरर खाली उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिलेत; टाइप करताना ते रोमनच.)

क्रॉनचं पुढे येतंच, पण .आयएनसीचं काम आजच उरका. अपाची, म्हणजे पानं वाढणारा वेब सर्व्हर, एखादी फाइल पीएचपीकडे पाठवतो तो तिचं एक्स्टेन्शन बघून. .पीएचपी असेल तर ती चालवली जाते; .आयएनसी त्याच्या लेखी साधा मजकूर. म्हणजे साइटच्या पत्त्यापुढे /कॉमन/डीबी.आयएनसी असं कोणी टाइप केलं, तर तुमचा डेटाबेसचा युजर आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये जसाच्या तसा छापून येतो. फायलींची नावं ओळखणंही अवघड नसतं; डीबी, कनेक्ट, कॉन्फिग ही नावं शोधत फिरणारे बॉट दिवसभर दार वाजवत असतात. अॅक्सेस लॉगमध्ये .आयएनसी ग्रेप करा (शोधा) आणि त्या ओळींमध्ये २०० हा स्टेटस, म्हणजे फाइल दिली गेली, असा आहे का बघा. डेबियनवर अपाचीचे लॉग रोज फिरतात आणि १४ दिवसच राहतात, जुने दाबून ठेवलेले असतात, म्हणून ग्रेपऐवजी झेडग्रेप लागेल. २०० दिसला किंवा नाही दिसला, तरी पासवर्ड बदलाच. १५ दिवसांपूर्वी काय झालं ते तो लॉग सांगणार नाही.

नाव बदलून .पीएचपी केलं की सुटलो, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. अर्धंच खरं आहे ते. डेबियन १२ वर पीएचपी ८.२ आहे, १३ वर ८.४. उद्या अपग्रेड करताना ८.४ चं अपाची-कॉन्फिग चालू करायचं राहिलं, तर तेवढा वेळ अपाचीला .पीएचपीचं काय करायचं हेच माहीत नसतं, आणि तो सोर्स कोड थेट वाढून देतो. तेव्हा एक्स्टेन्शनवर विसंबू नका. जे ब्राउझरला द्यायचंय ते एका फोल्डरात, आणि जे फक्त पीएचपीने वाचायचंय ते त्या फोल्डरच्या बाहेर. बाकीची सगळी मांडणी यातून निघते.

/एसआरव्ही/वेब/
    कॉमन/
        एसआरसी/ – फंक्शनं आणि क्लास
        टेम्प्लेट/ – वरची पट्टी, तळपट्टी
        बूट.पीएचपी
    मुख्य/
        पब्लिक/ – ब्राउझरला दिसतं ते एवढंच
        बिन/ – क्रॉनच्या स्क्रिप्ट
        कॉन्फिग.पीएचपी
        बूट.पीएचपी
    प्रवेश/ – आत असंच
    आतली/ – आत असंच

‘कॉमन’ मुख्य साइटच्या पोटात नाही, तिन्हींच्या शेजारी आहे, हे मुद्दाम. एका साइटच्या आत ठेवलं की ती साइट हलवताना बाकीच्या दोन आडव्या होतात.

अपाची आणि पीएचपी

‘पीएचपी’ एवढंच नाव देऊन पॅकेज टाकलं की डेबियन सोबत अपाचीच्या पोटात पीएचपी चालवणारं जुन्या धाटणीचं मॉड-पीएचपी ओढून आणतो. त्याला प्रीफोर्क लागतो: प्रत्येक जोडणीला एक अख्खी प्रोसेस, आणि त्या प्रत्येकीत पीएचपी भरलेलं, मग ती नुसती लोगोची पीएनजी का देत असेना. २ जीबीत हे परवडत नाही. शिवाय तिन्ही साइटचा कोड एकाच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा युजरखाली चालतो, त्यामुळे प्रवेशअर्जाच्या साइटमधलं भोक म्हणजे कार्यालयाच्या साइटमधलंही भोक. म्हणून पॅकेज नाव घेऊन टाका: अपाची२, पीएचपी८.२-एफपीएम (पीएचपी अपाचीबाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारा), आणि सोबत मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, इंटल ही तीन एक्स्टेन्शन. मॉड-पीएचपी आधीपासून असेल तर ए२डिसमॉडने पीएचपी८.२ आणि मग एमपीएम_प्रीफोर्क बंद करा. ए२एनमॉडने एमपीएम_इव्हेंट, प्रॉक्सी_एफसीजीआय, सेटएन्व्हइफ चालू करा. क्रम उलटा केलात तर प्रीफोर्क मॉड-पीएचपीला हवाय म्हणून बंद व्हायला नकार देतो.

आता प्रत्येक साइटला एफपीएमचा वेगळा पूल, म्हणजे स्वतःच्या युजरखाली चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसचा गट. /ईटीसी/पीएचपी/८.२/एफपीएम/पूल.डी मध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फ आहे, त्याच्या तीन प्रती करा. प्रत्येकीत वरच्या चौकटी कंसातलं नाव, युजर, ग्रुप आणि लिसन म्हणजे सॉकेटचा (अपाची आणि एफपीएम ज्यातून बोलतात त्या फाइलीचा) पाथ बदला. लिसन.ओनर आणि लिसन.ग्रुप मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच ठेवा, कारण त्या सॉकेटवर बोलणारा अपाची आहे. साइटच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (अपाचीतल्या त्या साइटच्या कॉन्फिगमध्ये) .पीएचपी ने संपणाऱ्या फाइलींसाठी सेटहँडलर लिहून त्याच साइटचं सॉकेट द्या. मूळ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फ लागत नसेल तर त्याचं नाव बदलून .ऑफ करा, उगाच प्रोसेस धरून बसेल.

पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे पूलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त पीएचपी प्रोसेस किती, हे हिशेबाने ठरवा. मूळ फाइलीत ५ असतो. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि अपाची मिळून १ जीबी धरा, उरला १ जीबी. साध्या साइटची एक पीएचपी प्रोसेस साधारण ५० एमबी धरली तर तिन्ही पूल मिळून २०. मुख्यला १०, प्रवेशला ६, आतलीला ४, असं वाटून द्या. प्रवेशाच्या हंगामात पहिले दोन आकडे उलटे करा. आतल्या साइटला पीएम = ऑनडिमांड लावा, रात्री कोणी नसतं तेव्हा एकही प्रोसेस जागी राहत नाही. तुमची खरी प्रोसेस किती खाते ते पीएसच्या आरएसएस रकान्यात दिसेल. त्यात ओपीकॅशची (तयार केलेला पीएचपी कोड मेमरीत जपणाऱ्या भागाची) सामाईक मेमरीही प्रत्येकीच्या नावावर पडते, म्हणून तो आकडा थोडा फुगलेलाच समजा. एफपीएमच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ ही ओळ आली की लगेच आकडा वाढवायला धावू नका. बहुतेकदा एखादी क्वेरी १० सेकंद घेत असते आणि सगळ्या प्रोसेस तिच्या रांगेत उभ्या असतात.

व्हर्च्युअल होस्टमध्ये डॉक्युमेंटरूट म्हणजे त्या त्या साइटचं पब्लिक. त्यासोबत त्या पाथचा डिरेक्टरी ब्लॉक लिहावाच लागतो: रिक्वायर ऑल ग्रँटेड, ऑप्शन्स -इंडेक्सेस, अलाउओव्हरराइड नन. डेबियनच्या मूळ अपाची२.कॉन्फमध्ये /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला परवानगी दिलेली असते, /एसआरव्हीचा ब्लॉक मात्र कॉमेंट करून ठेवलेला असतो. त्यामुळे /एसआरव्हीत साइट टाकली की पहिलं दर्शन ४०३ चं (परवानगी नाही). हा ४०३ निरनिराळ्या कारणांनी येतो आणि ब्राउझरमध्ये सगळे सारखेच दिसतात. फरक कळतो एरर लॉगमधल्या क्रमांकावरून. एएच०१६३० असेल तर डिरेक्टरी ब्लॉक राहिलाय, किंवा पाथ चुकलाय. एएच०००३५ असेल तर अपाचीची हरकत नाही, लिनक्सच्या परमिशनची आहे. एएच०१२७६ असेल तर सगळं ठीक आहे, फक्त पब्लिकमध्ये इंडेक्सची फाइल नाही. यातलं काहीही न बघता सीएचमॉड ७७७ मारणं (सगळ्यांना सगळी परवानगी देणं) हा आपल्याकडचा रामबाण उपाय, आणि तिन्हीपैकी दोन ठिकाणी त्याचा काडीचा उपयोग नसतो.

.एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरातच ठेवायच्या अपाचीच्या सेटिंग फाइलीत) ‘डिनाय फ्रॉम ऑल’ लिहून कॉमन झाकायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. अलाउओव्हरराइड नन असताना अपाची ती फाइल उघडूनसुद्धा बघत नाही. उद्या एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर गेलात तर त्याला .एचटीअॅक्सेस म्हणजे काय हेच माहीत नाही. फोल्डर पब्लिकच्या बाहेर असेल तर झाकायचा प्रश्नच उरत नाही. .गिट फोल्डरचंही तसंच, ते साइटच्या मुळाशी असू द्या, पब्लिकमध्ये नको.

दरवेळी रीस्टार्टच्या आधी अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट चालवा. ‘सिंटॅक्स ओके’च्या वर एएच००५५८ अशी कुरकुर दिसली तर ती फक्त सर्व्हरनेम नसल्याची आहे, घाबरायचं कारण नाही. साइट उघडल्यावर ५०३ आला तर सॉकेटचा पाथ जुळत नाही किंवा एफपीएम बंद आहे. नुसतं ‘फाइल नॉट फाउंड.’ एवढंच कोऱ्या पानावर आलं आणि लॉगमध्ये ‘प्रायमरी स्क्रिप्ट अननोन’ असेल, तर अपाची एफपीएमपर्यंत पोचला, पण पूलच्या युजरला ती फाइल दिसत नाही. बहुधा परमिशन.

परमिशन

फाइलींचा मालक एकच ठेवा, कोड टाकणारा युजर. त्याला डिप्लॉय म्हणू. वेबसाइट चालवणारा युजर कोडचा मालक नसावा. तो मालक असेल तर अपलोडच्या फॉर्ममधून आत शिरलेली एक फाइल तुमच्या सगळ्या फाइली बदलू शकते. पूलचे तीन युजर ‘वेबकोड’ नावाच्या ग्रुपमध्ये घाला आणि कॉमनचा ग्रुप वेबकोड करा: फोल्डर २७५०, फाइली ६४०. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, त्याने आत नवी बनलेली फाइल वेबकोड हाच ग्रुप घेते. प्रत्येक साइटच्या कॉन्फिग.पीएचपीचा ग्रुप मात्र त्या साइटच्या पूलचा स्वतःचा, ६४०. असं केलं तर प्रवेशअर्जाची साइट कार्यालयाच्या डेटाबेसचा पासवर्ड वाचू शकत नाही. पब्लिक आणि त्याच्यापर्यंतची वाटेतली फोल्डरं ७५५, आतल्या फाइली ६४४, कारण चित्रं आणि सीएसएस अपाची स्वतः वाचतो. लिहिण्याची परवानगी फक्त अपलोडच्या फोल्डरला, आणि त्या फोल्डरमधल्या .पीएचपीला हँडलर द्यायचा नाही, म्हणजे ती चालवली जाणार नाही.

फसगत होते ती दोन ठिकाणी. एक, सेटजीआयडी नव्या फाइलीवर लागू होतो, एमव्हीने हलवलेल्या फाइलीवर नाही. होम फोल्डरात लिहून एमव्हीने आत टाकलेली फाइल जुनाच ग्रुप घेऊन येते आणि ‘परमिशन डिनाइड’ देते. सीपीने कॉपी करून आणली असती तर हा घोळ झाला नसता. दुसरं, फाइल वाचता यायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स (आत जाण्याची परवानगी) लागतो. उबंटू २१.०४ पासून नवं होम फोल्डर ७५० असतं, म्हणून तिथे होममधल्या साइट अचानक ४०३ देऊ लागल्या. अशा वेळी नेमआय -एल लावून पूर्ण पाथ द्या: मुळापासून फाइलीपर्यंत एकेका पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन एकाखाली एक दिसते. अडलेली पायरी डोळ्यांनी सापडते, अंदाज करावा लागत नाही. ग्रुपमध्ये युजर नव्याने घातला असेल तर एफपीएम रीस्टार्ट करा; चालू प्रोसेसना नवा ग्रुप आपोआप कळत नाही.

क्रॉन का पडतो

तुमच्या कोडमध्ये बहुधा असं आहे: इन्क्लूड '../कॉमन/डीबी.आयएनसी'. वाचताना वाटतं की ही ओळ ज्या फाइलीत आहे तिथून एक फोल्डर वर जायचं. पीएचपी तसं करत नाही. पाथ ./ किंवा ../ ने सुरू झाला की तो मोजला जातो चालू फोल्डरपासून, म्हणजे प्रोसेस या क्षणी ‘उभी’ आहे तिथून. एफपीएममध्ये पान मागितलं की पीएचपी त्या मुख्य पानाच्या फोल्डरात जाऊन उभं राहतं, म्हणून ब्राउझरमधून काम भागतं. कमांड लाइनवर ते जागचं हलत नाही. क्रॉन उभा असतो युजरच्या होममध्ये, आणि होमच्या एक फोल्डर वर कॉमन नाही. तुम्ही हाताने चालवून बघता तेव्हा आधी सीडी करून त्या फोल्डरात गेलेले असता, म्हणून तेव्हाही चालतं! याच कारणाने एका इन्क्लूड केलेल्या फाइलीतून दुसरी इन्क्लूड केली, की मुख्य साइटवर चालतं आणि /निकाल/२०२५/ अशा खोल फोल्डरातल्या पानावर तुटतं.

नुसतं नाव दिलं, ‘डीबी.पीएचपी’ असं, तर नियम आणखी वेगळा. आधी इन्क्लूड_पाथमधली फोल्डरं, मग ओळ लिहिलेल्या फाइलीचं फोल्डर, मग चालू फोल्डर. म्हणजे सापडतं, पण कुठलं सापडेल याची खात्री नाही. तीन साइटच्या तीन कॉन्फिग.पीएचपी असतील तर हा जुगार नको.

डॉक्युमेंट_रूट वापरून पाथ बांधायची सवयही तशीच. तो पाथ वेब सर्व्हर भरतो. क्रॉनमध्ये वेब सर्व्हरच नाही, म्हणून तो रिकामा, आणि पाथ थेट /कॉमन/… असा मुळापासून सुरू होतो.

उपाय एकच आहे आणि पीएचपी ५.३ पासून हाताशी आहे: __डीआयआर__. ही ओळ ज्या फाइलीत आहे त्या फाइलीचं फोल्डर, पूर्ण पाथसह, कोणीही कुठूनही बोलावलं तरी तेच. शेवटी स्लॅश नसतो, तो आपण द्यायचा. पब्लिकमधल्या इंडेक्सची पहिली ओळ:

रिक्वायर __डीआयआर__ . '/../बूट.पीएचपी';

आणि साइटच्या बूट.पीएचपीत:

रिक्वायर_वन्स __डीआयआर__ . '/../कॉमन/बूट.पीएचपी';

कॉमन कुठे आहे हे आता प्रत्येक साइटमध्ये एकाच ओळीला माहीत असतं. उद्या ते हलवलं तर तीन ओळी बदलायच्या. बिनमधली क्रॉनची स्क्रिप्टही हाच बूट बोलावते. एक सांभाळा: __डीआयआर__ सिमलिंक (दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारा दुवा) सोडवून खरा पाथ देतो. साइटच्या आत ‘कॉमन’ची सिमलिंक ठेवलीत, तर कॉमनमधल्या फाइलीतून ‘एक पायरी वर’ म्हणजे साइट नव्हे, /एसआरव्ही/वेब. कॉमनमधल्या कोडने साइटच्या फाइली शोधत जायचंच नाही. साइटने आपली माहिती त्याला हातात द्यायची.

पूलच्या कॉन्फिगमध्ये ऑटो_प्रीपेंड_फाइल लावून बूट आपोआप चिकटवण्याचा मोह होतो. नको. कमांड लाइनला ती सेटिंग लागू नाही, म्हणजे क्रॉनचा तोच घोळ नव्या रूपात. शिवाय सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला हे फंक्शन आलं कुठून ते कळत नाही.

क्रॉनचं आणखी थोडं. त्याचं पीएचपी.आयएनआय वेगळं असतं: /ईटीसी/पीएचपी/८.२ मध्ये सीएलआय आणि एफपीएम अशी दोन फोल्डरं आहेत. टाइमझोन एकीकडेच लिहिला तर रात्री १ ची पावती आदल्या तारखेची निघते, कारण काही न सांगितल्यास पीएचपी यूटीसी धरतं. एशिया/कोलकाता कॉमनच्या बूटमध्येच लिहून टाका. आणि क्रॉन रूटच्या क्रॉनटॅबमध्ये नको, त्या साइटच्या पूल-युजरच्या नावाने ठेवा. रूटने लॉगची फाइल आधी तयार केली की वेबसाइटला तिच्यात लिहिता येत नाही, आणि महिन्यागणिक नवी लॉग फाइल असेल तर असा एरर दर महिन्याच्या १ तारखेलाच येतो, कारण नवी फाइल तेव्हा बनते.

फाइलींच्या आत

कॉमनमधल्या फाइलीने फक्त फंक्शनं आणि क्लास सांगायचे. बोलावल्या क्षणी काही छापायचं नाही, सेशन सुरू करायचं नाही, एक्झिट करायचं नाही. जे करायचं ते बूटमध्ये, दिसेल असं. फंक्शनांच्या फाइलीला रिक्वायर_वन्स, नाहीतर दुसऱ्यांदा ‘कॅनॉट रीडिक्लेअर’. टेम्प्लेटला साधा रिक्वायर, कारण तोच तुकडा एका पानावर दोनदा लागू शकतो. इन्क्लूड शक्यतो वापरूच नका: फाइल नसली तर तो नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो, आणि डेटाबेसच नसलेलं पान अर्धवट छापतो. रिक्वायर तिथेच थांबवतो.

कॉन्फिग.पीएचपीने अॅरे रिटर्न करावा आणि बोलावणाऱ्याने तो व्हेरिएबलमध्ये घ्यावा. इथे मात्र वन्स लावलात तर फसाल. रिक्वायर_वन्स पहिल्यांदा अॅरे देतो, दुसऱ्यांदा नुसतं ट्रू. मग ‘ट्रू’मधून पासवर्ड काढायला जाता आणि एरर डेटाबेसचा दिसतो, माणूस डेटाबेस तपासत बसतो. फंक्शनच्या आत रिक्वायर केलेल्या फाइलीतले व्हेरिएबल त्या फंक्शनपुरतेच असतात, बाहेर दिसत नाहीत, हेही त्याच जातीचं.

पत्त्यातल्या ‘पेज’ पॅरामीटरचं नाव घेऊन तीच फाइल इन्क्लूड करणारा कोड जुन्या साइटमध्ये हमखास सापडतो. बाहेरचा माणूस तिथे ../../ लिहून सर्व्हरवरची कुठलीही वाचता येणारी फाइल उघडतो. परवानगी असलेल्या नावांचा अॅरे करा आणि त्यात नाव असेल तरच पुढे जा.

मराठी मजकूर असलेल्या फाइलींचं एक खास दुखणं: बीओएम. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीच्या नोटपॅडमध्ये मराठीसाठी यूटीएफ-८ निवडलं की तो फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट घालायचा. पीएचपी त्यांना मजकूर समजून छापतं. मग लॉगिन होत नाही, रीडायरेक्ट होत नाही, आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ येतो. त्या एररमध्येच ‘आउटपुट स्टार्टेड अॅट’ पुढे फाइलीचं नाव आणि ओळ असते. ओळ १ असेल आणि तिथे काहीच चुकलेलं दिसत नसेल, तर बीओएमच. फाइल या कमांडला ती फाइल द्या, ‘विथ बीओएम’ असं सरळ सांगते. ओळ शेवटची असेल, तर बंद करणाऱ्या पीएचपी टॅगनंतर रिकाम्या ओळी आहेत. निव्वळ पीएचपीच्या फाइलीत तो बंद करणारा टॅग लिहूच नये, प्रश्न मुळातूनच मिटतो. हा एरर कधी येतो, कधी नाही, याचं कारण आउटपुट_बफरिंग: पीएचपीसोबत येणाऱ्या आयएनआयमध्ये तो ४०९६ असतो, म्हणून तेवढे बाइट भरेपर्यंत चूक झाकलेली राहते आणि पान मोठं झालं की उघडी पडते.

मजकूर मोजणाऱ्या-कापणाऱ्या फंक्शनांना कॉमनमध्ये आधी जागा द्या. ‘मराठी’ या शब्दाला एसटीआरलेन १५ म्हणतं, कारण ते बाइट मोजतं. एमबी_एसटीआरलेन ५ म्हणतं. ग्राफीम_एसटीआरलेन ३, म्हणजे म, रा, ठी. सूचनेचं शीर्षक ४० अक्षरांत कापायचं तर तिसरं वापरा. एमबीचं वापरलं तर काना-वेलांटी तोडून मजकूर कापला जातो, साधं वापरलं तर शेवटी चौकोन येतो. रकमेसाठीही नंबर_फॉरमॅट नको, तो तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देतो. इंटलच्या नंबरफॉर्मॅटरला एमआर_आयएन द्या, १२,३४,५६७ असं लाख-हजारांत आणि देवनागरी आकड्यांत येतं.

विंडोजवर झँप (अपाची-पीएचपीचा तयार संच) आणि सर्व्हरवर लिनक्स असेल तर अक्षरांची लहान-मोठी रूपं सांभाळा. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला वेगळी. घरी चालणारं सर्व्हरवर ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणतं ते बहुतेकदा याचमुळे. पायथन किंवा पर्लच्या सीजीआय स्क्रिप्ट असतील तर विंडोजच्या ओळींचे शेवट त्यांनाही मारतात: पहिल्या ओळीत इंटरप्रिटरच्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि फाइल समोर असूनही ‘नो सच फाइल’ येतं. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये ईओएल=एलएफ एकदा लिहा, पायथन-पर्ल दोघांचंही काम होतं.

क्लास दहाच्या वर गेले की रिक्वायरच्या रांगा लिहीत बसू नका. कंपोझरच्या (पीएचपीची पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाच्या) पीएसआर-४ ऑटोलोडला, म्हणजे क्लास लागेल तेव्हा त्याची फाइल आपोआप आणणाऱ्या सोयीला, एक नेमस्पेस आणि कॉमनचं एसआरसी जोडून द्या. नुसत्या फंक्शनांच्या फाइली ऑटोलोड होत नाहीत, त्या ‘फाइल्स’ या यादीत घालाव्या लागतात. कॉमनचं गिट वेगळं ठेवायचं का? तिन्ही साइट एक-दोन माणसंच बघत असतील तर एकच प्रत, एकच रिपॉझिटरी पुरे. एका साइटला जुनीच कॉमन हवी असा प्रसंग आला की मग कॉमन वेगळ्या रिपॉझिटरीत, १.२.० अशा टॅगसह, आणि प्रत्येक साइटने कंपोझरमधून आपली आवृत्ती घ्यायची. कंपोझरची ‘पाथ’ जातीची रिपॉझिटरी त्यासाठी चालत नाही. जमेल तिथे ती सिमलिंकच करते, म्हणजे पुन्हा एकच प्रत.

बदलल्यानंतर सर्व्हरवर जुनाच कोड चालतोय असं वाटलं तर ओपीकॅश आठवा. मूळ सेटिंगमध्ये तो दर २ सेकंदांनी फाइलीची वेळ बघतो, म्हणून साध्या बदलाला अडचण नाही. सिमलिंक फिरवून नवी आवृत्ती चढवत असाल तर मात्र पाथ १२० सेकंद लक्षात ठेवला जातो, आणि त्या दोन मिनिटांत अर्धा कोड जुना, अर्धा नवा. सिमलिंक फिरवल्यावर एफपीएम रीलोड करा, आणि त्याआधी एफपीएमच्या मुख्य कॉन्फिगमध्ये प्रोसेस_कंट्रोल_टाइमआउट १० सेकंद करून ठेवा. तो मुळात ० असतो, म्हणजे रीलोडच्या क्षणी कोणी प्रवेशअर्ज सबमिट करत असेल तर तो मध्येच तुटतो.

तिन्ही साइट एका दिवसात हलवू नका. ग्रेपने इन्क्लूड आणि रिक्वायरच्या सगळ्या ओळींची यादी काढा, कॉमन नव्या जागी मांडा, आणि आधी आतली साइट हलवा. तिचे वापरणारे मोजके असतात आणि फोन करून सांगतात. प्रत्येक बदललेल्या फाइलीवर पीएचपी -एल चालवा, ती सिंटॅक्स तपासते. क्रॉनची स्क्रिप्ट मुद्दाम / या मूळ फोल्डरात उभं राहून, सुडो -यू ने पूल-युजरच्या नावाने, पूर्ण पाथ देऊन चालवा. तिथून चालली तर रात्रीही चालेल. एक आठवडा लॉग शांत राहिला की प्रवेश, शेवटी मुख्य. मग जुनं कॉमन फोल्डर पुसा आणि कर्ल -आय ने जुना डीबी.आयएनसीचा पत्ता मागून बघा: ४०४ यायला हवा. ४०३ आला तर फाइल अजून तिथेच असू शकते.